पाच दहा की पाच पस्तीस

शारजात, अल नहदाच्या कोपऱ्यावर, लाँड्रीसमोर
मी गाडी लावतो.
पाच दहाला निघालो तर जबल अली पन्नास मिनिटं.
पाच पस्तीसला निघालो तर
पंचावन्न. किंवा सव्वा तास. किंवा
गेल्या मंगळवारसारखे दोन तास,
आणि पुढच्या ट्रकच्या पाठीवरची पश्तो ओळ,
अर्थ न कळता, तोंडपाठ.

सहा जणांची कारलिफ्ट आहे माझी.
भांडण फक्त या पंचवीस मिनिटांचं.

कुरियन म्हणतो, सरासरी काढा.
गोदामात मालाचा हिशोब ठेवतो तो,
महिनाभर फोनमध्ये वेळा टिपल्या त्यानं.
उत्तर आलं एक तास चार मिनिटं.
पाच पस्तीसला निघालो तरी सातच्या आत हजर.
हिशोब चोख आहे.
पण कुरियन, सरासरीच्या दिवशी कुणीच कामावर जात नाही रे,
आपण मंगळवारी जातो. बुधवारी जातो.

रोवेनाच्या कंपनीत तीन उशीर झाले की अर्धा पगार-दिवस कापतात.
दोन झाले की ती पाचलाच खाली येऊन उभी,
ओल्या केसांनी, हातात उकडलेलं अंडं.
एक तारखेला पाटी कोरी होते
आणि तीच म्हणते,
आज पाच पस्तीस चालेल, भाई.

मयेकर बाई भांडतच नाहीत.
सहाला उतरतात, फाटकाजवळच्या कठड्यावर बसतात.
कुडाळात तेव्हा साडेसात.
फोनमध्ये पोरगी दूध नको म्हणून रडते,
सासू वेणी घालते, रिबीन सापडत नाही,
बाई इथून सांगतात : कपाटाच्या खालच्या खणात बघा.
सगळे म्हणतात, वेळ फुकट गेला.
त्या काही बोलत नाहीत.

नदीम दोन्ही वेळांना झोपलेला असतो.
बाकीचे दोघे म्हणतात, तुम्ही ठरवा,
आणि उशीर झाला की
आरशातून माझ्याकडे बघतात.

तीनशे अकरा जवळचा, पण लहरी.
सहाशे अकरा तेरा किलोमीटर लांब,
बाजूला वाळू, उंट, कुंपण, पुन्हा वाळू,
पण दिल्या शब्दाला जागणारा.
मी बहुतेक लांबचाच घेतो.
पेट्रोल माझं जातं. झोप त्यांची जाते.
ज्याचं त्याला दिसतं.

मग डिसेंबरात एका पहाटे धुकं उतरलं.
आम्ही पाच दहाला निघालो होतो, लांबच्या रस्त्यानं,
सगळं शहाण्यासारखं करून.
बॉनेटच्या पुढे काही नव्हतं.
चारी दिवे लुकलुकवत रांगत राहिलो,
कुठल्या पुलाखालून गेलो तेही कळलं नाही.
सात पन्नासला पोचलो.
रोवेनाचा तिसरा उशीर.
उतरताना तिनं दार आपटलं नाही,
हळूच लावलं. तेच जास्त लागलं.
कठड्यावर कुणी बसलं नाही त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी मी कुणालाच फोन केला नाही,
तरी चार पन्नासला सहाही जण खाली.
नदीमसुद्धा, उभ्या उभ्या झोपत.
आकाश असं स्वच्छ की विमानतळावरचे दिवे मोजावेत.
साडेपाचलाच पोचलो.
दीड तास गाडीत बसून राहिलो, काचा वर करून,
एकमेकांच्या श्वासात.
आठवडाभर असंच.
मग चार पंचावन्न झाले, मग पाच,
भीतीही पाण्यासारखी,
हळूहळू आपल्या पातळीला येते.

वही आहे माझी, डॅशबोर्डच्या कप्प्यात.
तारीख, निघालो, पोचलो, रस्ता, शेरा.
मुलगा म्हणतो, अब्बा, हे सगळं फोन सांगतो.
फोन सांगतो किती लागतील.
किती लागले ते मी लिहितो.

आज सोमवार. पाच दहा झाले.
पाच माणसं आत. इंजिन चालू.
कुरियन अजून लिफ्टमध्ये असेल,
किंवा बूट शोधत असेल.
रोवेना घड्याळ बघते, मग मला बघते.
निघालो तर तो अडकेल, थांबलो तर आम्ही.
पाच अकरा.
पाच बारा.
तो धावत येतो, शर्टाची बटणं लावत,
सॉरी म्हणत नाही, धापा टाकतो.

त्याची दोन मिनिटं
मी वहीत रस्त्याच्या नावावर लिहितो.